काहीच दुखत नसताना डेंटिस्टकडे कशाला जायचं?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. घरात गेले दोन आठवडे एकाच गोष्टीवरून कुरबुर चाललीये म्हणून शेवटी इथे विचारतोय. माझं वय ४१. दात चांगले आहेत, म्हणजे मला तरी तसंच वाटतं. सकाळ-रात्र ब्रश करतो, ठणका नाही, थंड-गरम लागत नाही, आजवर एकही दाढ भरून घ्यायची वेळ आलेली नाही. डेंटिस्टकडे शेवटचा गेलो त्याला अकरा-बारा वर्षं तरी झाली असतील आणि तेव्हाही अक्कलदाढ आडवी आली होती म्हणून गेलो, ती काढली आणि विषय संपला. आता बायकोने धोशा लावलाय की एकदा जाऊन सगळं तोंड दाखवून ये.

माझं म्हणणं एवढंच की काही बिघडलं की शरीर सांगतं, दुखणं असतं तरी कशासाठी मग? पाय मुरगळला की पाय दुखतो, पोट बिघडलं की पोट दुखतं, तसं दाताचं काही झालं तर दात दुखेलच ना, तेव्हा जाऊ. आणि खरं सांगायचं तर थोडी भीती पण आहे. खुर्चीत आडवं झालं की काही ना काही निघणारच आणि मग फेऱ्या सुरू होणार असं वाटतं.

शिवाय दातांचं क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात, फटी पडतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय, माझ्या काकांचं तसंच झालं म्हणतात. एक्सरेचं रेडिएशन वेगळंच. आणि ते दर सहा महिन्यांनी दाखवा म्हणतात त्याला काही आधार आहे का नुसतीच पद्धत पडून गेलीये? वाद घालायचा नाहीये, मनापासून विचारतोय, ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

ता.क. ब्रश करताना कधीकधी थुंकीत जरा लाल दिसतं, पण माझा ब्रश कडक आहे त्यामुळे असेल.

निळी छत्री:

तुमचं ते "दुखेल तेव्हा जाऊ" वाचलं आणि राहवलं नाही, कारण मी अगदी हेच म्हणायचे.

माझी खालची उजवीकडची दाढ तीन दिवस दुखली. दुखली म्हणजे रात्री उशीवर डोकं टेकलं की पार कानापर्यंत कळ जायची, उठून बसलं की जरा बरं वाटायचं, त्यामुळे दोन रात्री भिंतीला टेकून बसून काढल्या. डेंटिस्टची अपॉइंटमेंट मिळाली ती पाचव्या दिवसाची. आणि चौथ्या दिवशी सकाळी उठले तर काहीच नाही, एकदम शांत! गरम लागेना, थंड लागेना, त्या बाजूने चावून बघितलं तरी काही नाही. मी देवाचे आभार मानले आणि फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली. त्या फोनची आजही चुटपुट लागते.

पुढे सव्वा वर्ष खरंच काही दुखलं नाही. फक्त त्या दाढेशेजारी हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पुळी यायची, जिभेने दाबली की फुटायची, तोंडात खारट काहीतरी यायचं आणि दोन दिवसांत पुळी बसायची. महिना-दीड महिन्याने परत तेच. दुखत नव्हती म्हणून मी लक्षच दिलं नाही, घरात कुणाला बोलले पण नाही. मग एका सकाळी उठले तर गाल एवढा सुजलेला की जबड्याची कड दिसेना, तोंडात दोन बोटं जातील एवढं पण उघडेना आणि अंगात ताप.

डॉक्टरांनी एक्सरे समोर धरून दाखवला, दाढेच्या मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा गोल होता, तिथलं हाड विरघळलेलं. म्हणाले, चौथ्या दिवशी तुमचं दुखायचं थांबलं कारण दाताची नस मेली, दुखणार कोण? जंतू मात्र मेले नव्हते, ते मुळातून खाली हाडात उतरले आणि ती पुळी म्हणजे पस बाहेर यायची वाट होती. रूट कॅनाल करून दाढ वाचवता येईल का ते पण त्यांनी बघितलं, पण ती मुळापर्यंत तडकली होती, काढावीच लागली. आता जेवताना घास आपोआप डाव्या बाजूला जातो आणि जीभ सारखी त्या रिकाम्या जागी.

पांढरा कोट:

मी डेंटिस्ट आहे, रोज हेच बघते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

पाऊलवाट, पाय मुरगळल्यावर दुखतो कारण तिथे सगळीकडे नसा आहेत, दाताचं तसं नाही. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात टणक वस्तू, वजनाने साधारण ९६ टक्के खनिजच, आणि त्यात नस एकही नाही. म्हणजे कीड कवचात असेपर्यंत ती तुम्हाला जाणवायचा मार्गच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दात हिरडीतून वर येतो तोवर हे कवच बनवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. मोडलेलं हाड सांधतं, कापलेली कातडी भरून येते, पण कवचाला एकदा खड्डा पडला की तो आपला आपण भरत नाही, कधीच नाही.

खड्डा पडायच्या आधी मात्र एक पायरी असते आणि ती गाठण्यासाठीच माझी सगळी धडपड असते. आपण गोड काही खाल्लं-प्यायलं की दातावरच्या थरातले जंतू काही मिनिटांत त्याचं आम्ल करतात, पीएच ५.५ च्या खाली गेला की कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं, मग लाळ ते आम्ल हळूहळू निवळते, त्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि सुटलेलं खनिज थोडंफार परत दातात बसतं. ही ये-जा दिवसभर चालू असते. दर तासाला काहीतरी तोंडात टाकायची सवय असेल किंवा लाळच कमी असेल तर जाणारं जास्त आणि परत बसणारं कमी होतं. तेव्हा दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग येतो. तो पण आधी हवा मारून दात कोरडा केल्यावर दिसतो, घरी आरशात ओल्या दातावर नाही दिसणार. या पायरीवर कीड पकडली तर फ्लोराइड, नीट ब्रश आणि खायच्या वेळा आवरणं एवढ्यावर ती थांबवता येते, ड्रिल हातात घ्यावं लागत नाही. तुम्हाला चेकअपला गेलं की ड्रिल सुरू होईल याची भीती वाटते आणि मी रोज उलटं बघते, वेळेवर आलेल्यांनाच ड्रिल कमी लागतं.

कवच ओलांडून कीड आत डेंटिनमध्ये गेली की तो भाग मऊ, तिथे ती आडवी पसरते. वरून भोक टाचणीएवढं आणि आत पोकळ. "डॉक्टर कालपर्यंत चांगली होती हो, जेवता जेवता अचानक तुकडा पडला" हे मी सतत ऐकते, आणि ती दाढ अचानक तुटलेली नसते, आतून कित्येक महिने पोखरली जात असते. काहींना या टप्प्यावर थंड किंवा गोड लागलं की सणक येते, बऱ्याच जणांना तेही होत नाही. सलग ठणका सुरू होतो तो कीड नसेच्या जवळ पोचली की, कारण नस टणक भिंतींच्या आत बंद असते, सूज आली तरी पसरायला जागा नाही. म्हणजे तुम्ही ज्या दुखण्याची वाट बघताय ते येईपर्यंत साध्या फिलिंगची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. निळी छत्री, तुमचं वाचून वाईट वाटलं. त्या पुळीकडे कुणी एकदा बघितलं असतं तर कदाचित दाढ राहिली असती.

दोन दाढांच्या मधली कीड तर मला पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी बाइटविंग म्हणून छोटा एक्सरे असतो, पट्टी दातांत चावून धरायची. त्याचं रेडिएशन आपल्याला एका दिवसात निसर्गातून मिळतं साधारण तेवढं किंवा त्याहून कमी असतं. तरी तो दर वेळी काढायची गरज नाही, कीड लागायचा धोका बघून ठरवतात, आणि एक्सरेत दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी पुढेच गेलेली असते हे पण लक्षात ठेवा.

आता तुमचं ता.क. मला तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये ती शेवटची ओळ जास्त महत्त्वाची वाटली. हात धुताना नखांजवळून रक्त आलं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दाखवाल, मग हिरडीतून आलं तर ब्रशवर का ढकलायचं? निरोगी हिरडीतून साध्या ब्रशने रक्त येत नाही. दातावरचा चिकट थर निघाला नाही तर लाळेतलं खनिज त्यात बसून दोन-तीन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो, त्यालाच किटण म्हणतात, आणि ते एकदा धरलं की कुठल्याही ब्रशने निघत नाही. सगळ्यात जास्त धरतं ते खालच्या पुढच्या दातांना जिभेच्या बाजूने आणि वरच्या दाढांना गालाच्या बाजूने, कारण लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात. त्याच्याभोवती हिरडी सुजते, इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पण तसंच राहिलं तर काही जणांमध्ये सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही. हे सगळं न दुखता होतं! दात हलायला लागतो तेव्हा माणूस येतो, तोवर बरंच हाड गेलेलं असतं. आम्ही खुणा असलेल्या बारीक सळईने हिरडी आणि दाताच्या मधली खोली मोजतो, १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ च्या पुढे लक्ष घालायचं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्त पण कमी येतं कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्यांची हिरडी वरून बरी दिसते आणि खाली हाड जात असतं.

क्लीनिंगने दात सैल होतात हा गैरसमज कुठून येतो ते सांगते. हाड झिजलेलं असतं, हिरडी खाली गेलेली असते आणि ती मोकळी झालेली जागा किटणाने भरलेली असते, कधीकधी त्या किटणानेच दोन दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते काढलं की फट उघडी पडते आणि हलणारा दात हलताना जाणवतो. तुमच्या काकांच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता आहे. थोडे दिवस थंड लागतं, हिरडी आवळून बसली की कमी होतं. स्केलिंगचं मशीन कंप पावून किटण उडवतं, कवच तासत नाही.

सहा महिन्यांचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, पेशंट आलेत.

खिडकीजवळ:

डॉक्टर, माहिती छान आहे, पण पाऊलवाट यांच्या मनातली भीती अगदीच निराधार नाही हे मला सांगायचंय. मी पण असाच काही दुखत नसताना एका ठिकाणी दाखवायला गेलो, सात दाढा भरायला लागतील म्हणाले, तारखा पण देऊन टाकल्या. मी घाबरून दुसरीकडे गेलो, तिथे त्यांनी एक्सरे काढून सांगितलं की एक भरायची, दोनांवर नुसतं लक्ष ठेवू आणि बाकी चारवर फक्त डाग आहेत. आज पाच वर्षं झाली, त्या दोन अजून तशाच आहेत आणि डाग पण तेवढेच. आता सांगा, सामान्य माणसाने विश्वास कुणावर ठेवायचा? चेकअप चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः दरवर्षी जातो, पण त्या पहिल्या ठिकाणी सहा दाढा उगाच कोरल्या गेल्या असत्या हे आठवलं की अजून संताप येतो.

पांढरा कोट:

खिडकीजवळ, तुमचा संताप बरोबर आहे आणि हे माझ्या क्षेत्रात घडतं हे मी नाकारणार नाही. थोडा खुलासा फक्त एवढाच की दोन डेंटिस्टांचं मत वेगळं पडलं म्हणजे दर वेळी फसवणूकच असते असं नाही, कवचातली कीड भरायची का थांबवायचा प्रयत्न करायचा यावर खरंच मतं वेगळी असतात. पण कवचाला खड्डा पडलेला नसेल तर आधी थांबवून बघायचं आणि ठरावीक काळाने परत तपासायचं याकडेच आता कल आहे, कारण एकदा ड्रिल लावलं की तो दात आयुष्यभर फिलिंगचा दात होतो. फिलिंग झिजतं, काठाने पाणी शिरतं, मग आधीपेक्षा मोठं फिलिंग, मग कॅप.

म्हणून खुर्चीत बसल्यावर बेधडक विचारा. कुठे आहे ते मला एक्सरेत किंवा फोटोत दाखवा. कवचातच आहे का आत गेलीये? आत्ता केलं नाही आणि चार-सहा महिन्यांनी परत बघितलं तर काय बिघडेल? चांगला डेंटिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. एक्सरेची कॉपी मागून घरी ठेवा, दोन वर्षांनी नवा काढला की शेजारी ठेवून बघता येतो, तुमच्या त्या दोन दाढा अजून तशाच आहेत हे अशाच तुलनेतून कळलं असणार. ज्या दिवशी काही दुखत नाही त्याच दिवशी माणूस शांतपणे विचार करू शकतो, दुसऱ्याचं मत घेऊ शकतो. मध्यरात्री ठणका लागलेला माणूस समोर जे म्हणतील त्याला हो म्हणतो, त्याला विचारायला वेळच नसतो.

आता सहा महिने. सगळ्यांसाठी सरसकट सहा महिने याला तसा भक्कम आधार नाही. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००४ मध्येच सांगितलं की मोठ्यांसाठी हे अंतर ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत, १८ च्या आतल्यांसाठी ३ ते १२ महिने, माणसाचा धोका बघून ठरवा. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे आजवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पण ज्यांचा धोका कमी आहे अशा मोठ्या माणसांमध्ये सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी तपासण्यात चार वर्षांच्या काळात विशेष फरक दिसला नाही. पण आपला धोका कमी आहे हे ठरवायला आधी एकदा कुणीतरी तोंड नीट बघायला हवं, आणि पाऊलवाट, तुम्ही तर अकरा वर्षांत दाखवलेलंच नाही. डायबेटीस असेल तर अंतर कमी ठेवा, साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोर धरतो आणि हिरडीत सूज असली की साखर आटोक्यात यायला जड जातं, दोन्ही बाजूंनी आहे ते. ब्लडप्रेशर, नैराश्य, ॲलर्जी यांच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी म्हणजे कीड जास्त, म्हणून औषधांची यादी बरोबर घेऊन जा. रक्त पातळ करायच्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या चालू असतील तर तेही आवर्जून सांगा. आणि तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर दात उत्तम असले तरी या.

सांजवारा:

शेवटच्या वाक्यावरून लिहितोय. माझ्या वडिलांना दातच नव्हते. वर-खाली कवळी, त्यामुळे डेंटिस्टचा आपला संबंध संपला असं त्यांचं पक्कं मत आणि आमचंही. तरुणपणी बरीच वर्षं तंबाखू खाल्लेली, पण सोडून वीस वर्षं झालेली.

खालची कवळी जरा सैल झाली, बोलताना वर यायची, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी कवळी बघितली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, काका जीभ बाहेर काढा. गॉझचा तुकडा जिभेच्या टोकाला धरून त्यांनी जीभ एका बाजूला ओढली, मग दुसऱ्या बाजूला, आणि डाव्या बाजूला मागे थांबले. बोटाने चाचपलं. मला जवळ बोलावून दाखवलं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा लालसर-पांढरा चट्टा, खरखरीत. वडिलांना त्याचा पत्ताच नव्हता, दुखत नव्हता, जळजळत नव्हता, आणि जिभेची ती मागची कड आरशात कुणाला दिसते? डॉक्टर घाबरवण्यासारखं काही बोलले नाहीत, पण दोन आठवडे वाट बघून परत बोलावलं, तेवढ्यात कवळी घालायची नाही म्हणाले, म्हणजे कवळी घासून झालं असेल तर भरून येईल. भरून आलं नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला.

कॅन्सर होता, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन करून जिभेचा तेवढा भाग काढला. पहिले काही महिने 'ल' आणि 'र' नीट येत नव्हते, आता फोनवर अनोळखी माणसाला कळत पण नाही. दवाखान्यात त्याच वॉर्डात त्यांच्याहून लहान एकजण होते, दुखायला लागल्यावर आले होते, त्यांना नळीने जेवण चालू होतं. मला ते दृश्य विसरता येत नाही. तोंडात फोड, चट्टा, गाठ काहीही दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर कृपा करून दाखवा, दुखो वा न दुखो, दात असोत वा नसोत. आणि चेकअपला गेलात आणि जिभेखाली, गालाच्या आत बघितलं नाही तर तुम्हीच सांगा बघायला.

दोन वेण्या:

सांजवारा, काकांना नमस्कार सांगा, बरं वाटलं वाचून.

मी लेकीबद्दल लिहिते थोडक्यात. ती सहा वर्षांची असताना अगदी मागे एक दाढ किडलेली दिसली, मी म्हटलं दुधाचीच आहे, पडेल. काही दुखत नव्हतं तिला. शाळेच्या तपासणीत सांगितलं म्हणून गेलो तर डॉक्टर म्हणाल्या की ही पक्की दाढ आहे, दुधाचा कुठलाच दात न पडता सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे नवीनच येते, त्यामुळे आईबापांना कळतच नाही. आल्या आल्या सहा-आठ महिन्यांत कीड! मला रडूच आलं. एका दाढेचं फिलिंग केलं आणि बाकी तीन दाढांच्या खाचांमध्ये सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा थर, भरून घेतलं, त्याला ना सुई ना ड्रिल, दहा मिनिटांत झालं. धाकट्याला मग पहिल्या वाढदिवसाच्या आतच दाखवून आणलं.

पांढरा कोट:

अगदी बरोबर केलंत. आणि दुधाच्या दाढा पण "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका कुणी, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्यांचं कवच पातळ असतं म्हणून कीड भराभर आत जाते, आणि ती दाढ लवकर काढावी लागली की शेजारचे दात सरकून पक्क्या दाताची जागा अडवतात.

पाऊलवाट:

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण जाऊन यायचं होतं मग लिहायचं होतं.

निळी छत्री आणि सांजवारा यांचे अनुभव बायकोला वाचून दाखवले, ती काही बोलली नाही, फोन उचलून माझ्या हातात दिला. गेलो. आधी त्यांनी गळा आणि जबड्याखाली चाचपलं, जीभ अगदी सांजवारांनी लिहिलंय तशीच गॉझने धरून दोन्ही बाजूंनी बघितली, मला सांगावं लागलं नाही. मग ती सळई. डॉक्टर एकेक आकडा मोठ्याने म्हणत होते आणि असिस्टंट लिहीत होती, तीन, दोन, तीन, दोन, दोन, तीन, मी छताकडे बघत ऐकत होतो आणि पांढरा कोट यांनी इथे लिहिलेलं आठवत होतो, ४ च्या पुढे लक्ष घालायचं. डाव्या बाजूला मागे गेल्यावर आवाज बदलला नाही पण आकडे बदलले. चार, पाच, पाच. तिथेच रक्त पण आलं. मला काहीही दुखलं नव्हतं, आजवर कधीच नव्हतं, आणि तिथे हाड थोडं खाली गेलंय हे एक्सरेत मी स्वतः बघितलं.

शिवाय वरच्या दोन दाढांच्या मधे एक सावली निघाली. पांढरा कोट यांनी खिडकीजवळ यांना सांगितलेले प्रश्न विचारायचं ठरवूनच गेलो होतो. दाखवा म्हटलं, त्यांनी स्क्रीनवर मोठं करून दाखवलं, कवचाच्या आतच आहे अजून, आत्ता भरायचं नाही, फ्लोराइड लावलं आणि सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले. म्हणजे ज्या ड्रिलला एवढी वर्षं घाबरत होतो ते लागलंच नाही. स्केलिंग दोन भागांत केलं. पहिल्या दिवशी घरी येताना जीभ सारखी खालच्या दातांच्या मागे जात होती, प्रत्येक दाताची कड वेगळी लागत होती, आधी तिथे एक सलग भिंत होती आणि मला ते दातच वाटत होते. चारेक दिवस थंड पाणी झोंबलं, आता नाही. दात एकही हललेला नाही. ब्रश मऊ घेतला, रात्रीचा ब्रश झाला की थुंकतो पण खळखळून चूळ भरत नाही, पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहतं म्हणून. सुरुवातीला तर मऊ ब्रशने पण रक्त येत होतं, म्हणजे ब्रशचा दोष नव्हताच, आठवडाभरात कमी होत गेलं आणि गेले चार-पाच दिवस थुंकी स्वच्छ आहे. त्या पाच मिलिमीटरवाल्या जागेसाठी तीन महिन्यांनी परत बोलावलंय, ती तारीख कॅलेंडरवर लिहिलीये. बायकोची आणि पोराची अपॉइंटमेंट पण घेतली, तिला स्वतःला जाऊन चार वर्षं झाली होती हे त्यात निघालं.

एकच विचारायचंय डॉक्टर, दातांच्या फटीतून फिरवायचे छोटे ब्रश सांगितलेत मला, पण घरी आणल्यावर एका ठिकाणी सैल जातो आणि पुढे शिरतच नाही. जोर लावायचा का?

पांढरा कोट:

जोर अजिबात लावू नका, हिरडीला इजा होईल. सगळ्या फटींना एकच साइज चालत नाही, बऱ्याच जणांना दोन लागतात, मागे जाड आणि पुढे बारीक. तारेचा दांडा दाताला न घासता आणि ब्रशचे केस जरा दाबले जातील असा जो जातो तो बरोबर. पुढच्या दातांत सगळ्यात बारीक पण शिरत नसेल तर तिथे फ्लॉस वापरा. तीन महिन्यांनी जाल तेव्हा ब्रश बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर आरशात फिरवून दाखवा, हात कुठे चुकतोय ते तिथेच कळेल. आणि त्या जागेचा नवा आकडा इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय.